झुल्याच्या गाण्यातली उडी

ठाकुर्ली,
४ जानेवारी २०२५

तीर्थरूप गोदाताईच्या चरणी गणूचे सा. न. वि. वि.

वरच्या अक्षरांचा अर्थ आमच्या सुनेला, मितेशच्या बायकोला विचारून घेतला. तिने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. तर तो सगळा केला असं समज. गुडघा वाकत नाही, त्यामुळे साष्टांग कागदावरच.

पत्र का, ते तुला माहीत आहे. दिवाळीत फोनवर चकलीच्या भाजणीवरून सुरू झालेलं बोलणं बाबांपर्यंत गेलं आणि कोणीतरी फोन आपटला. तू म्हणतेस मी, मी म्हणतो तू. मग तुझ्या सुनेने, दर्शनाने, निकाल दिला की यापुढे या दोघांनी फोनवर बोलायचं नाही, काय ते लिहून कळवायचं, कारण पत्र आपटता येत नाही. मी रागात हो म्हटलं आणि फसलो. कळवा इथून अर्ध्या तासावर आणि पत्राला लागणार आठवडा. त्यात आमच्या बिल्डिंगचा वॉचमन भगवान आलेलं टपाल टेबलाच्या खणात टाकतो आणि विचारलं तरच काढतो. रोज उतरून विचारावं तर लिफ्ट बंद. आपल्याच शेतावर उभी राहिलेली बिल्डिंग आणि आपणच पाचव्या मजल्यावर अडकून बसायचं.

आता बातमी. आमच्या मितेशच्या कृतिकाचं लग्न ठरलं. हळद पंधरा फेब्रुवारीला, लग्न सोळाला. मुलगा डोंबिवलीचा, आपल्यातलाच, पण नोकरी कॅनडात. महिन्याभरात दोघं तिकडे जाणार. मुलगा चांगला आहे. त्याच्यात खोट काढायची मी पुष्कळ खटपट केली.

तर परवा कृतिकाने मला विचारलं की आजोबा, पूर्वी हळदीला डीजे नव्हता तेव्हा काय वाजायचं. मग मी तिला सगळं सांगितलं. तुझ्या पणजोबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता, भातशेती आटोपली की लग्नसराईत ते मशीन, रेकॉर्डी आणि भोंगे बैलगाडीत घालून दिव्यापासून कल्याणपर्यंतच्या गावांत जायचे. भोंगा आंब्यावर, मशीन घरामागे पेंढ्याच्या उडवीआड, आणि आम्हां पोरांना तिथे फिरकायला बंदी. पहिली हळद लागली की झुल्याचं गाणं वाजायचं. नटी झुल्यावर, नट झोके देतोय, असलं ते सिनेमातलं गाणं. ते वाजल्याशिवाय बायका दुसरी हळद लावायच्या नाहीत. आणि दुसऱ्या कडव्यात रेकॉर्डला चरा होता, तिथे सुई उडी मारायची, म्हणून आम्ही सगळे ते गाणं उडी मारूनच म्हणतो. पोरगी खूप हसली आणि म्हणाली, मग माझ्या हळदीत तुम्ही आणि गोदाआजी म्हणा.

ताई, मितेशच्या हळदीत बाबा नव्हते, मशीन भंगारात गेलेलं, आणि कोणाला त्या गाण्याची आठवणही झाली नाही. मी मांडवाच्या मागे जाऊन बसलो होतो. या खेपेला मला ते गाणं हवंय, आणि एकट्याने नको. तू ये आणि माझ्याबरोबर म्हण. एवढंच मागणं आहे, त्यावर भांडू नकोस.

लोभ आहेच, तो शिव्यांसकट वाढावा.

तुझा,
गणू


कळवा,
१२ जानेवारी २०२५

चिरंजीव गणूस गोदाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. फोन तूच आपटलास, हे आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल.

कृतिकाची बातमी वाचून बरं वाटलं. कॅनडाचं वाचून तुझं काय झालं असेल ते ओळखलं. तू जावयात खोट काढायला बसलास म्हणजे आतून रडत असणार, लहानपणापासून तुझं असंच आहे. पोरीसमोर तोंड पाडून फिरू नकोस.

गाण्याचं म्हणशील तर मी येईन आणि म्हणेनही. पण एका अटीवर. गाणं पूर्ण म्हणायचं, उडी न मारता.

कारण ऐक. तुला माहीत आहे, ठाण्याला आमचा गाण्याचा क्लब आहे. सगळी आमच्याच वयाची माणसं. हॉल भाड्याने घेतात, मागे नुसतं संगीत वाजतं आणि पडद्यावर शब्द येतात ते बघून जुनी गाणी म्हणायची. रोझा म्हणून एक बाई तो चालवते. तुला सांगितलं नव्हतं, पण गेल्या श्रावणात मी तिथे आपलं झुल्याचं गाणं घेतलं. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्यात मी नेहमीसारखी शेवटच्या ओळीवर गेले आणि संगीत मागेच राहिलं. पडद्यावर मी जन्मात न ऐकलेले शब्द. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मागच्या खुर्च्यांवर लोक हसत होते. रोझाने संगीत बंद केलं आणि मला पाणी दिलं, ते पाणीसुद्धा मला लागलं.

त्यानंतर मी हट्टाने त्या दोन ओळी पाठ केल्या. काय आहे त्यांत, माहीत आहे? दोघं मिळून म्हणतात की झुल्याचे दोर आता सोडून ठेवा, त्यावर बसणारी परत यायची नाही. म्हणजे गणू, हे झोक्याचं गाणं नाहीच. पाठवणीचं आहे. आपण जन्मभर ते अर्धवट म्हणत नाचत आलो, आणि दिव्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांना तसंच शिकवलं. मला इतका संताप आला. त्या चऱ्यावर आला, आपल्या अडाणीपणावर आला.

डोंबिवलीची मंडळी गाण्यातली जाणकार असतात. त्यांच्यासमोर मला पुन्हा हसं करून घ्यायचं नाही. ओळी मागच्या पानावर लिहिल्या आहेत, पाठ कर. तेवढी अक्कल तुला आहे.

दर्शनाला तिच्या निकालाबद्दल मी रोज टोमणे मारते. प्रफुल्ल आईची बाजू घेत नाही, बायकोची घेतो. बाकी ठीक. गुडघ्याला तेल लाव.

माया आहे म्हणूनच अट घालते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
गोदाताई


ठाकुर्ली,
२० जानेवारी २०२५

ती. गोदाताईस गणूचा नमस्कार, या वेळी साधाच.

पत्र वाचलं. मग चहा प्यायलो आणि पुन्हा वाचलं, म्हणजे राग कमी होतो का बघायला. झाला नाही.

तुला क्लबात लोक हसले त्याचं मला वाईट वाटतं. मी असतो तर त्या मागच्या खुर्च्यांना सरळ केलं असतं. पण तिथले लोक हसले म्हणून आपलं गाणं चुकीचं कसं ठरतं? अगं, परवा दिव्याला एका लग्नात बेंजोवाल्यांनी तेच गाणं वाजवलं. दुसरं कडवं आलं आणि मांडवातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी उडी मारली. बेंजोवाला बिचारा मागे पडला आणि मग धावत येऊन त्याने त्यांना गाठलं. एवढी गावं उडी मारतात आणि तुम्ही ठाण्याच्या हॉलमधली चार माणसं मारत नाही. तूच सांग, चुकतंय कोण?

तरी तुझा मान ठेवायचा म्हणून करून बघितलं. मितेशने हळदीसाठी डोंबिवलीचा प्रेम नावाचा पोरगा ठरवलाय, ट्रॅक आणि माइक घेऊन येतो. त्याला घरी बोलावलं. पहिल्यांदा म्हटलं, उडी. दुसऱ्यांदा कागद हातात धरून म्हटलं, तरी उडी. डोळ्यांना ओळ दिसतेय आणि तोंड पुढे निघून जातंय. प्रेम म्हणाला की काका, टेन्शन नका घेऊ, मी ट्रॅकमधूनच तेवढं कापून टाकतो. मला पोरगा एकदम आवडला.

आणि आता खरं सांगतो. जमलं असतं तरी मी म्हटलं नसतं. माझी नात कॅनडाला चालली आहे. तिला अंगभर हळद लागलेली असताना मी समोर उभा राहून म्हणू, की दोर सोडा, ही परत यायची नाही? तुला हे कसं सुचतं, ताई? खरं गाणं, खरं गाणं करतेस. बाबांच्या रेकॉर्डला चरा होता हे आपलं नशीब म्हण आणि तसंच म्हण.

ती रेकॉर्ड तुझ्याकडे आहे, आठवतंय ना? मशीन विकलं तेव्हा तू तेवढी एकच उचलून नेलीस. काढ आणि चऱ्यावरून बोट फिरव, म्हणजे आठवेल आपण कोणाची पोरं ते.

रागावलोय, पण वाट बघतोय.

तुझा,
गणू


कळवा,
२८ जानेवारी २०२५

चि. गणूस आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून रेकॉर्ड काढली. पेटीच्या तळाशी, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत होती. उजेडात धरून बघितली, भिंग लावून बघितली, बोटही फिरवलं. गणू, तिला चरा नाही.

मला वाटलं माझे डोळे गेले. म्हणून प्रफुल्लला घेऊन ठाण्याच्या बाजारात गेले. तिथे जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे, मालकाकडे चालू मशीन आहे. त्याने रेकॉर्ड पुसली, लावली, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाजली. दोन्ही ओळी आल्या. कुठे अडली नाही, उडी मारली नाही. मालक म्हणाला की आजी, एवढी नीट ठेवलेली रेकॉर्ड क्वचित येते, विकता का. मी नाही म्हटलं आणि तिथल्याच खुर्चीत बसून राहिले. प्रफुल्लने दोनदा विचारलं की चक्कर येतेय का.

रेकॉर्ड तीच आहे. लेबलावर कडेला पिवळा डाग आहे, तो मला लहानपणापासून... लहानपणापासून नाही, लग्नापासून आठवतो.

मग उडी आली कुठून? मी डोकं फोडून घेतलं. आणि एक आठवलं. उडीनंतरची जी ओळ आहे ना, ती काही लग्नांत मधूनच सुरू व्हायची, पहिला शब्द अर्धा कापून. आणि काही लग्नांत अख्खी यायची. आम्ही बायका त्यावरून हसायचो. चरा असता तर सुई रोज एकाच जागी पडली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही आणि तुला अजून सुचलं नसेल.

सगुणाआत्याला आमंत्रण द्यायला मी दिव्याला जाणारच आहे. बाबांची धाकटी बहीण, तेव्हा घरात वावरणारी ती एकटीच उरली आहे. तिला विचारते. त्यांच्याकडे पाणी दिवसाआड येतं आणि आलं की सगळं घर बादल्यांमागे धावतं, त्यामुळे पाण्याचा वार सोडून जायला हवं.

पण अट कायम आहे. उलट आता जास्तच. चरा होता तोवर तुझं म्हणणं एक वेळ मानलं असतं. आता तो नाहीच, तर आपण कसली चूक धरून बसलोय? प्रेमला सांग, कात्री लावायची नाही. आणि कृतिकाचं म्हणशील, तर गाण्यात म्हटलं म्हणून कोणी परत यायचं थांबत नाही. मी नाही का येत, तुझी इतकी बोलणी खाऊन?

सराव कर. कळकळीने सांगते आहे, तसंच घे.

तुझी,
गोदाताई


ठाकुर्ली,
४ फेब्रुवारी २०२५

गोदाताईस नमस्कार.

तू दुसरीच रेकॉर्ड नेलीस त्या दुकानात. किंवा मालकाने बदलली. किंवा तुला जे ऐकायचं होतं ते तू ऐकलंस. चरा होता. माझं सगळं लहानपण त्या चऱ्यावर गेलंय, तो तू भिंग लावून पुसून टाकू शकत नाहीस.

मला आता कंटाळा आला आहे. लिफ्ट बंद, हॉलवाल्याने जेवणाची वेळ बदलली, सुक्या मासळीचा वास येतो म्हणून सोसायटीची नोटीस, ज्यांना आपल्याच जमिनीवर घरं मिळाली त्यांची. मितेश म्हणतो, डॅडी, तुम्ही फक्त शांत राहा. मी शांतच आहे. सगळं घर माझ्यावर ओरडतंय आणि मी शांत आहे.

एक गाणं मागितलं होतं. त्याचीही तू परीक्षा केलीस. तर राहू दे. मी गाणार नाही. डीजे आहे, तो वाजवेल काय ते. कृतिकाला सांगितलं. ती आत निघून गेली. तिचं ते निघून जाणं तुझ्या नावावर लिहितो.

हळदीला मात्र ये. आली नाहीस तर लोक विचारतील.

गणू


कळवा,
८ फेब्रुवारी २०२५

माझ्या गणूस खूप खूप आशीर्वाद.

काल दिव्याला जाऊन आले. तुझं रागाचं पत्र पर्समध्ये होतं, राग या वेळी तीन दिवसांतच पोचला. आता ते राहू दे आणि हे नीट बसून वाच.

सगुणाआत्या थकली आहे, पण आठवण शाबूत आहे. मी चऱ्याचं विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, कसला चरा, सुई तुझा बापूस उचलायचा.

आत्या सांगते ते असं. ती रेकॉर्ड बाबांनी माझ्या लग्नासाठी नवी आणली होती. हळदीच्या आदल्या संध्याकाळी उडवीआड मशीन मांडून, भोंग्याची वायर न जोडता, नुसत्या सुईला कान लावून ते ती ऐकत होते. आत्या चहा घेऊन गेली. त्या दोन ओळी आल्या आणि बाबांनी सुई उचलली. पुन्हा लावली, पुन्हा तिथे आले आणि उचलली. मग चहा तसाच ठेवून बसून राहिले. आत्याने विचारलं की काय झालं. तर म्हणाले, चाल फार गोड आहे, सगळं गाव नाचेल, पण हे मी माझ्या गोदीला तिच्या हळदीत ऐकवणार नाही.

आणि मग त्यांनी सराव केला. ओळी येण्याआधी सुई उचलायची आणि पुढच्या ओळीवर ठेवायची. जागा कळावी म्हणून लेबलावर कालवलेल्या हळदीचं बोट लावलं. गणू, तो डाग हळदीचा आहे. मी तो तेलाचा समजत होते.

माझ्या हळदीत ते तसं वाजलं. मग पुढच्या लग्नात लोकांनी मागितलं, गोदीच्या हळदीत लावलं होतं तेच. मग बाबांनी प्रत्येकीसाठी सुई उचलली. कधी हात थोडा पुढे पडायचा, म्हणून तो अर्धा शब्द. तुम्हां पोरांना मशीनपाशी येऊ द्यायचे नाहीत ते का, ते आता कळलं. तुम्ही मोडतोड कराल म्हणून नव्हे.

मी आत्यासमोर खूप रडले. तिला वाटलं कोणी गेलं की काय. ज्या ओळी माझ्या कानावर पडू नयेत म्हणून बाबांनी आयुष्यभर सुई उचलली, त्या ओळी घालाव्यात म्हणून मी महिनाभर तुझ्याशी भांडतेय. वर अडाणीपणा म्हणाले.

तर ऐक. अट गेली. हळदीत आपण बाबांचंच गाणं म्हणायचं. तू नाही म्हटलं आहेस, पण मी तुला ओळखते, माइक समोर आला की तू उठशील. उत्तर पाठवू नकोस, ते वेळेवर पोचायचं नाही. फक्त दुसऱ्या कडव्याला माझ्याकडे बघ. मी भुवया उंचावेन. तेव्हा उडी मार.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, दर्शनालाही नाही. आधी तुला कळावं असं वाटलं.

पोटभर आशीर्वाद, आणि भेटीची फार ओढ.

तुझी,
गोदी


ठाकुर्ली,
१८ फेब्रुवारी २०२५, सकाळ

गोदाताईस,

नमस्कार लिहायची इच्छा नाही, पण मोठी आहेस म्हणून लिहितो. नमस्कार.

लग्न पार पडलं. तू दुसऱ्या दिवशी आलीस, अक्षता टाकल्यास आणि माझ्याकडे न बघता गेलीस. निदान मला जाब तरी विचारू दे.

तुला ठाऊक नाही की मी सराव केला. गाणार नाही असं लिहिलं खरं, पण त्याच रात्री कृतिकाच्या खोलीतून तेच गाणं ऐकू आलं, ती मोबाइलवर लावून बसली होती. मग मी प्रेमला बोलावलं, रोज बोलावलं. अंघोळीला म्हटलं, जिना चढताना म्हटलं. तू लिहून दिलेला कागद घामाने भिजून फाटला, तेव्हा कुठे तोंड वळलं. नातीसमोर त्या ओळी म्हणायला माझा जीव होत नव्हता. तरी म्हटलं, माझी बहीण भर हॉलमध्ये हसं होऊन पाणी पिऊन आली आहे, तिला दुसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नाही. फक्त तुझ्यासाठी शिकलो.

आणि तू काय केलंस? पहिलं कडवं किती छान झालं. तुझा आवाज अजून तसाच आहे. दुसऱ्याला तू माझ्याकडे बघून भुवया उंचावल्यास. मला वाटलं, विचारते आहेस की आठवतंय ना. मी मान हलवली आणि पूर्ण ओळ घेतली. आणि तू उडी मारलीस. तू. तुझ्यामागे दिव्याच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मारली. सगळा मांडव पुढे गेला आणि मी एकटा त्या ट्रॅकबरोबर मागे, दोर सोडा म्हणत. कृतिका समोर पाटावर होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझा आवाज फुटला, ताई. दुसरी ओळ मी अर्धीच सोडली.

वर तू न जेवता निघालीस. दर्शना सांगते, तू गाडीत बसताना म्हणालीस की सगळं वाचूनही माणूस मुद्दाम तेच करतो. काय वाचून? तुझं अटीचं पत्र वाचूनच तर केलं. डीजेच्या आवाजात तेव्हा काही विचारता आलं नाही, म्हणून आता लिहितोय. मला उत्तर हवंय.

गणू


ठाकुर्ली,
१८ फेब्रुवारी २०२५, दुपार

माझ्या गोदाताईच्या चरणी गणूचा साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर वाकलो, मितेशने उठवलं.

सकाळचं पत्र टाकायला खाली उतरलो तर भगवानने खण उघडून तुझं पाकीट हातात दिलं. लग्नाच्या गडबडीत द्यायचं राहिलं म्हणाला. त्याच्यावर ओरडणार होतो. आधी वाचावं म्हणून त्याच्याच खुर्चीत बसलो आणि मग ओरडायचं राहून गेलं. त्याने मला पाणी दिलं. तुझं ते हॉलमधलं पाणी आठवलं.

सकाळचं पत्र फाडणार होतो, पण सोबत ठेवलंय, आणि आता टपालावर विश्वास नाही म्हणून दोन्ही मितेशच्या हाती पाठवतोय. तुला कळू दे की मी मुद्दाम केलं नाही. तू माझ्यासाठी उडी मारलीस आणि मी तुझ्यासाठी ओळ म्हटली, आणि दोघं एकमेकांवर रुसून उपाशी झोपलो. दर्शनाला सांग, तुझा निकाल मागे घे. फोन आपटलेला बरा.

पण एक गोष्ट मला सलते आहे, ती तुझ्याशिवाय कोणाला सांगू? बाबांनी तुला जे ऐकवलं नाही, ते मी माझ्या नातीला ऐकवलं. दिव्यापासून कल्याणपर्यंत ज्या पोरी हळदीला बसल्या, त्यांतल्या एकीच्याही कानावर त्यांनी ते पडू दिलं नाही. आणि ज्या एकीला ते ऐकावं लागलं ती नेमकी त्यांचीच पणती, आणि माइक माझ्या हातात.

ती रविवारी माहेरी येते आहे. मग पुढच्या आठवड्यात विमान. मितेशला सगळं वाचून दाखवलं. तो गाडी काढून उल्हासनगरला गेला आणि कोणाकडून तरी चालू मशीन मागून आणलं. ते आता हॉलमध्ये टेबलावर आहे. मी अजून त्याला हात लावलेला नाही. लहानपणची बंदी अंगात मुरली आहे.

तू रविवारी सकाळीच ये. शालूच्या घडीतली रेकॉर्ड घेऊन ये, हळदीचा डाग पुसू नकोस. तोवर मी सराव करून ठेवतो, दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर. तू आणि कृतिका हॉलमधल्या झोपाळ्यावर बसा आणि गाणं म्हणा.

सुई मी उचलतो.

तुझा,
गणू